वजन उचलताना होणारा आवाज : कोणता राहू द्यावा, कोणता आवरावा

सोलापूरच्या साखर पेठेत पहिल्या मजल्यावर असलेल्या एका जिममध्ये मी काही वर्षे पहाटे साडेपाच वाजता व्यायामाला जात असे. डेडलिफ्टचा, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार उचलून ताठ उभे राहण्याच्या व्यायामाचा, शेवटचा रेप (एका वेळचे उचलणे; असे काही रेप सलग केले की एक सेट) झाला की बार हातातून सोडून द्यायचा, ही सवय मला तिथेच लागली, कारण तिथले बहुतेक जण तसेच करीत असत. एके दिवशी जिमच्या मालकांनी मला सेट मध्येच थांबवायला सांगितले, खाली तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाच्या घरी नेले आणि दहा मिनिटे तिथे बसवले. घरातला कर्ता माणूस यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून नुकताच आडवा झाला होता. तेवढ्यात वर कोणीतरी बार टाकला, भिंतीवरच्या फळीवर उपडे मांडलेले स्टीलचे पेले एकमेकांवर आपटून किणकिणले आणि झोपलेल्या माणसाचा खांदा दचकून हलला. घरातल्या मावशी मला म्हणाल्या, "लूमच्या खटखटीत झोप लागती बघा, ती एकसारखी असती. तुमचं हे कधी वाजंल ते कळत नाही, त्यानं काळजात धस्स होतं."

मावशींनी जे सांगितले ते ध्वनीच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. सतत व एका लयीत चालणाऱ्या आवाजाला कान सरावतो, पण शांततेत अचानक उमटणारा आघात झोपलेल्या मेंदूलाही दचकवतो. शिवाय माणसाचा आवाज हवेतून जातो, त्यामुळे खिडकी लावली की तो बराच कमी होतो, मात्र जमिनीवर आदळलेल्या लोखंडाचा धक्का फरशीतून, स्लॅबमधून आणि खांबांतून इमारतभर पसरतो व तो कोणत्याही खिडकीने थांबत नाही. त्या दिवसानंतर मी वजन ठेवण्याची पद्धत नव्याने शिकलो. जे शिकलो ते नवीन मुलांना उपयोगी पडावे, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

जिममधील आवाजाची चर्चा निघाली की ओरडणारे आणि न ओरडणारे असे दोन गट पडतात आणि वाद तिथेच अडकतो. माझ्या मते ही विभागणीच चुकीची आहे. श्वासाचा आवाज आणि लोखंडाचा आवाज अशी विभागणी केली, तर काय राहू द्यावे आणि काय आवरावे हे आपोआप स्पष्ट होते. श्वासाच्या आवाजाला काही काम असते. लोखंडाच्या आवाजाला, एकदोन अपवाद सोडले, तर काहीही काम नसते.

श्वासाचा आवाज

अवजड वजनाखाली जाण्यापूर्वी आपण पोटात खोलवर श्वास भरतो, कंठ बंद करतो आणि पोटाचे स्नायू आवळतो. यामुळे पोटातील दाब वाढून मणक्याला पुढून आधार मिळतो. या क्रियेला इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ अँटोनियो वल्साल्व्हा (१६६६–१७२३) यांच्या नावावरून वल्साल्व्हा क्रिया म्हणतात. स्क्वॉटमध्ये (खांद्यांवर बार घेऊन मारलेल्या बैठकीत) किंवा डेडलिफ्टमध्ये वजन सर्वांत जड लागते त्या टप्प्यावर कोंडलेली हवा कंठातून थोडीशी निसटते, आणि तोच आपल्याला ऐकू येणारा हुंकार असतो. तो दिखाऊपणा नव्हे. टेनिसपटूंवर झालेल्या प्रयोगांत फटक्याच्या क्षणी हुंकार दिल्यास चेंडूचा वेग काही टक्क्यांनी वाढतो असे आढळले आहे. म्हणून पाच रेपचा जड सेट करणाऱ्याच्या तोंडून शेवटच्या दोन रेपना 'हं' असा आवाज निघाला, तर त्याच्याकडे वळून पाहू नये.

मात्र याच प्रयोगांचा आधार घेऊन सेटच्या आधी गर्जना करणे, प्रत्येक रेपला किंचाळणे आणि सेट संपल्यावर आरोळी ठोकणे याचे समर्थन करता येत नाही. हुंकाराचा उपयोग जोर लागतो त्या क्षणापुरता असतो. कंठ मोकळा करून मोठ्याने ओरडले की पोटात भरलेली हवा एकदम बाहेर जाते आणि ज्या आधारासाठी श्वास कोंडला होता तो आधारच, वजन अजून अंगावर असताना, नाहीसा होतो. म्हणजे ऐन स्क्वॉटमध्ये आरोळी ठोकणारा माणूस इतरांना त्रास देतो आणि शिवाय स्वतःची कंबरही धोक्यात घालतो. ही गोष्ट मी नव्या मुलांना सर्वांत आधी सांगतो, कारण शिष्टाचाराच्या नावाखाली सांगितलेले ते ऐकत नाहीत, पण कंबरेचे नाव काढले की लगेच ऐकतात.

श्वास सोडण्याचा सराव रिकाम्या बारवर करावा. पुरुषांचा ऑलिंपिक बार २० किलोचा आणि महिलांचा १५ किलोचा असतो, आणि सरावाला तेवढे वजन पुरेसे आहे. खाली बसण्यापूर्वी नाकाने श्वास घेऊन तो छातीत न भरता पोटात आणि कुशींत भरावा. पट्टा बांधला असेल तर तो चारही बाजूंनी पोटाला टेकल्याचे जाणवले पाहिजे. श्वास धरून खाली जावे, वर येताना अर्ध्याहून अधिक अंतर पार होईपर्यंत तो तसाच धरावा, आणि त्यानंतर दात जवळ आणून, जिभेचे टोक त्यांना लावून, सायकलच्या चाकातली हवा सुटावी तसा 'स्स्स्' करीत तो थोडाथोडा सोडावा. या पद्धतीने दाब टिकतो, कंठावर ताण येत नाही आणि आवाज शेजारच्या बेंचपर्यंतही जात नाही. दोन आठवडे रोज दोन सेट असा सराव केला की जड वजनाखालीही तोंडातून हाच आवाज निघू लागतो. बारा-पंधरा रेपच्या हलक्या सेटमध्ये श्वास कोंडण्याची गरजच नसते. तिथे जोर लावताना सोडावा आणि परत येताना घ्यावा, इतके पुरे.

येथे एक सूचना अत्यंत गांभीर्याने करतो. ज्यांना उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा हर्निया आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय श्वास कोंडून वजन उचलू नये. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोन्ही पायांनी जड लेग प्रेस (मशीनवर बसून पायांनी वजन ढकलणे) करणाऱ्या निरोगी व्यायामपटूंचा रक्तदाब धमनीत नळी घालून मोजला, तेव्हा तो सरासरी ३२०/२५० इतका वर गेला होता. निरोगी माणसाचा दाब सेट संपताच खाली येतो. चाळिशीनंतर पहिल्यांदाच जिमला येणाऱ्या माणसाने मात्र शेजारच्या तरुणाचा हुंकार पाहून त्याची नक्कल करू नये.

लोखंडाचा आवाज

ज्याला वजन उचलता आले, त्याला ते आवाज न करता खाली ठेवताही येते. हे केवळ म्हणणे नसून स्नायूंचा गुणधर्म आहे. स्नायू आखडताना जितका जोर लावू शकतो, त्यापेक्षा लांबताना, म्हणजे वजन खाली आणताना, अधिक भार पेलू शकतो. तरीही बार हातातून सुटत असेल, तर बहुधा तीन कारणे असतात : पकड थकलेली असते, वजन आपल्या कुवतीपेक्षा जास्त घेतलेले असते, किंवा खाली आणण्याचा भाग आपण सेटमध्ये धरलेलाच नसतो. तिसरे कारण सर्वांत जास्त आढळते. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही डेडलिफ्टचा बार दोन्ही हातांनी ताब्यात ठेवूनच खाली आणावा लागतो, आणि तळहातातून सोडून दिला तर तो प्रयत्न बाद ठरतो. स्पर्धेत शेकडो किलो उचलणाऱ्यांना जो नियम लागू आहे, तो साठ-ऐंशी किलो उचलणाऱ्या आपल्याला जड वाटू नये.

डेडलिफ्टचा बार खाली आणताना आधी गुडघे वाकवू नयेत. कंबर मागे ढकलावी, बार मांड्यांना घासत गुडघ्यांच्या खाली येऊ द्यावा, आणि मग गुडघे वाकवून तो नडगीला लागूनच मॅटवर टेकवावा. गुडघे आधी वाकवले की बार त्यांना अडतो, शरीरापासून लांब जातो आणि शेवटच्या वीतभर अंतरात हातातून निसटतो. जिममध्ये ऐकू येणाऱ्या निम्म्या 'धाडकन्' आवाजांचे मूळ मला याच चुकीत दिसते. प्लेटा मॅटला टेकल्या की लगेच पुढचा रेप उसळवून घेऊ नये, तर लोखंडाची किणकिण थांबेपर्यंत क्षणभर थांबावे, म्हणजे पुढचा रेप शून्यातून सुरू होतो आणि तो अधिक प्रामाणिक असतो. बारच्या दोन्ही टोकांना क्लिप लावलेली असावी. क्लिप नसलेल्या प्लेटा प्रत्येक रेपला एकमेकींवर आपटतात आणि हळूहळू बाहेर सरकतात, त्यामुळे आवाज होतो तो वेगळाच आणि धोका वेगळाच.

डंबेलच्या बाबतीत तर मी स्वतः पाहिलेला प्रसंग सांगतो. बेंच प्रेस संपल्यावर एका मुलाने झोपल्या झोपल्या दोन्ही बाजूंना साडेबावीस किलोचे डंबेल सोडले. डावीकडचा मॅटवर पडून थांबला. उजवीकडचा मॅटच्या कडेवर पडला, तिरपा उसळला आणि पाणी प्यायला वाकलेल्या दुसऱ्या मुलाच्या घोट्यापासून चार बोटांवर जाऊन फरशीवर आदळला. फरशीचा टवका उडाला तो आजही तसाच आहे. डंबेल गोल असो वा षटकोनी, पडल्यावर तो कुठे जाईल हे सोडणाऱ्याच्या हातात राहत नाही. वरचेवर आपटल्याने त्याची मूठ आणि डोके यांच्यातील जोड सैल होतो, आणि एखाद्या दिवशी तो डोक्यावर धरलेला असताना निखळू शकतो.

झोपून केलेल्या प्रेसनंतर डंबेल ठेवण्याची रीत अशी आहे. शेवटचा रेप संपला की डंबेल छातीवर आणावेत आणि तळहात एकमेकांकडे वळवावेत. गुडघे पोटाकडे ओढून डंबेलची खालची टोके मांड्यांना टेकवावीत, आणि पाय खाली नेताना त्यांच्याच वजनाने झोका घेऊन उठून बसावे. डंबेल आता मांड्यांवर उभे असतात. तिथून उभे राहून ते थेट रॅकवर ठेवावेत, आणि तेवढी ताकद उरली नसेल तर कंबर सरळ ठेवून एकेक करून पायांजवळ टेकवावेत. हे वाचताना लांबलचक वाटते, पण प्रत्यक्षात तीन सेकंदांचे काम आहे. एकट्याला जमत नसेल तर "दादा, जरा डंबेल घेता का?" असे शेजारच्याला म्हणावे. आपल्याकडे अशा वेळी कोणी नाही म्हणत नाही.

केबलच्या मशीनवर वजनाच्या पट्ट्या एकमेकींवर आदळू न देता, शेवटच्या रेपला एक बोट अंतर राहील इतपतच परत जावे आणि मग हळूच टेकवावे. आपटून पट्ट्यांना तडे जातात. लेग प्रेसवरून उठण्यापूर्वी दोन्ही अडसर लावल्याची हाताने खात्री करावी.

अपवाद दोनच आहेत, आणि तेही स्पष्ट सांगितले पाहिजेत. पहिला अपवाद स्नॅच आणि क्लीन-जर्क या ऑलिंपिक प्रकारांचा. त्यांत डोक्यावर गेलेला बार हळूहळू खाली आणणेच खांद्यांना आणि कमरेला घातक ठरू शकते, म्हणून ४५ सेंटीमीटर व्यासाच्या रबरी बंपर प्लेटा लावून, लाकूड व रबर यांच्या खास चौथऱ्यावर, हाताने दिशा देत तो सोडतात. स्पर्धेत तर पंचांचा खाली ठेवण्याचा इशारा मिळेपर्यंत बार धरून ठेवावा लागतो. ज्या जिममध्ये असा चौथरा नाही आणि प्लेटा बिडाच्या आहेत, तिथे हे प्रकार जड वजनाने करूच नयेत. दुसरा अपवाद फसलेल्या रेपचा. वजन खरोखर हाताबाहेर गेले असेल, तर आवाजाची लाज बाळगून कंबर मोडून घेऊ नये. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून ते सोडून द्यावे, आणि अशा वेळी झालेल्या आवाजाबद्दल कोणी कोणाला बोलू नये.

तालमीत काय होते ते आठवावे

सोलापूरला व्यायामाची परंपरा जिमबरोबर आलेली नाही. पेठापेठांतल्या तालमींत लाल मातीच्या हौद्यात उतरण्यापूर्वी चपला बाहेर राहत, मारुतीला नमस्कार होई, आणि वस्तादांच्या समोर कारण नसताना कोणी शड्डू ठोकत नसे, कारण शड्डू म्हणजे आव्हान. तो आवाज मोठाच असतो, पण त्याची वेळ ठरलेली असते आणि तो ऐकणारा समोर उभा असतो. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत श्री सिद्धेश्वरांचे नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात, तेव्हा 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' या जयघोषाने सारा रस्ता दुमदुमतो. त्या गर्दीत उंच नंदीध्वज कमरेशी तोलून चालणाऱ्या माणसाकडे नीट पाहावे. घोष सगळ्यांचा असतो, तो मात्र ओठ मिटून, नजर वर लावून, एकेक पाऊल टाकत असतो, आणि पुढच्याच्या हाती काठी देताना ती जराही झुकू देत नाही. वजन पेलणे आणि वजन सोपवणे ही एकाच ताकदीची दोन अंगे आहेत, हे आपल्या गावात कोणाला वेगळे शिकवावे लागू नये.

वेळ, जागा आणि जिमचालकांसाठी थोडेसे

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ हा काळ रात्र समजला जातो, आणि निवासी भागात ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून बहुतेक जण पहाटे पाचलाच जिम गाठतात. तो पहिला तास कायद्याच्या हिशेबाने रात्रीचाच असतो, हे ध्यानात ठेवावे. त्या तासात डेडलिफ्ट आणि रॅकवरची जड कामे टाळून केबल, बेंच आणि अंगाच्या वजनाचे व्यायाम आधी उरकावेत. ज्यांना रोज याच वेळी यावे लागते, त्यांनी निदान गाण्यांचा आवाज कमी ठेवण्याचा आग्रह धरावा, कारण गाणी मोठी असली की त्यांच्यावर मात करण्यासाठी माणसेही मोठ्याने बोलतात.

जिमचालकांनी डेडलिफ्टची जागा शक्यतो तळमजल्यावर ठेवावी. वरच्या मजल्यावरच ठेवावी लागत असेल, तर ती खोलीच्या मधोमध न ठेवता खांब किंवा तुळई असलेल्या कडेला घ्यावी, कारण स्लॅब मध्यभागी सर्वांत जास्त थरथरतो. पातळ मॅटऐवजी जाड रबर, त्यावर प्लाय आणि त्यावर पुन्हा रबर असा थर केला, तर धक्का बराच शोषला जातो. ज्या जिमचा मी उल्लेख केला तिथे पुढे हेच केले गेले, आणि खालच्या मावशींची तक्रार पुन्हा आली नाही.

ओरडणाऱ्या माणसाला कसे सांगावे

अमेरिकेतील प्लॅनेट फिटनेस या जिमसाखळीच्या अनेक शाखांत कोणी वजन आपटले किंवा मोठ्याने हुंकार दिला, तर वाजवण्यासाठी भिंतीवर भोंगा बसवलेला असतो. मला हा उपाय मुळीच पटत नाही. चारचौघांत भोंगा वाजवून एखाद्याला खजील केले, तर तो आवाज कमी करील, पण उद्या जिमला येणारही नाही, आणि नवशिक्या मुलाच्या मनात तर कायमची भीती बसेल.

सेट चालू असताना कधीही टोकू नये. वजनाखाली असलेल्या माणसाचे लक्ष विचलित करणे हा आवाजापेक्षा मोठा अपराध आहे. सेट संपावा, त्याचा श्वास खाली यावा, मग जवळ जाऊन, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलावे. वयाने मोठा असेल तर "अण्णा, वजन मस्त जातंय तुमचं. तेवढं खाली ठेवताना जरा हळू ठेवता का? खालच्या घरात माणसं झोपलेली असतात." बरोबरीचा असेल तर "भावा, पुढच्या सेटला मी मागं थांबतो, डंबेल माझ्या हातात दे." माझ्या अनुभवात दुसरे वाक्य अधिक लागू पडते, कारण त्यात तक्रारीऐवजी मदत असते. दोनदा सांगून फरक पडला नाही, तर तिसऱ्यांदा स्वतः न बोलता ट्रेनरना सांगावे. आणि आपल्याला कोणी असे सांगितले, तर "हो, लक्षात आलं" इतकेच म्हणावे. किती वर्षे व्यायाम करतो, हे ऐकवू नये.

ज्या जिममध्ये महिला आणि पुरुष एकाच वेळी व्यायाम करतात, तिथे आणखी एक गोष्ट जाणीवपूर्वक पाळावी. चार-पाच मुलांनी एका बेंचभोवती घोळका करून "चल, अजून एक, अजून एक" असा गलका केला की त्यांना तो उत्साह वाटतो, पण पलीकडच्या रॅककडे जायचे असलेल्या एकट्या मुलीला तो अडथळा वाटतो, आणि ती निमूटपणे ट्रेडमिलकडे वळते. हे मी अनेकदा पाहिले आहे. प्रोत्साहन द्यायला एक माणूस पुरतो, आणि त्याने ते कानाजवळ, बोलण्याच्या आवाजात दिले तरी पोहोचते.

सेट संपल्यावर

बेंचवर झोपण्यापूर्वी टॉवेल अंथरावा आणि उठल्यावर घाम पुसावा. ज्या गावचे टॉवेल देशभर जातात, त्या गावच्या जिममध्ये बेंच ओले राहणे शोभत नाही. दोन सेटच्या मधल्या वेळेत फोनवर बोलायचे असेल तर बाहेर जावे, आणि व्हिडिओ काढताना चौकटीत दुसरे कोणी येत असेल तर त्याला आधी विचारावे. मशीन अडवून बसू नये. कोणी "किती सेट राहिले?" असे विचारले तर आकडा सांगून लगेच "मध्ये मारा की तुम्ही" असेही म्हणावे.

शेवटी प्लेटा काढताना एका बाजूच्या सगळ्या एकदम काढू नयेत. रॅकवरच्या बारला एका बाजूला फक्त लोखंड उरले की तो त्या बाजूला उलटतो, आणि रिकामे टोक समोरच्याच्या तोंडाच्या उंचीवर वेगाने वर येते. इकडची एक, तिकडची एक अशा काढाव्यात, प्रत्येक प्लेट दोन्ही हातांनी धरून खुंटीवर सरकवावी, मोठ्या प्लेटा खाली आणि लहान वर लावाव्यात, आणि बार रिकामा करूनच रॅक सोडावा.